चोपन्न इंचांचा नमुना

"चोपन्न लिहा. त्रेपन्न लिहून माझ्यावर उपकार करू नका."

दोन्ही हात आडवे पसरून त्या आमच्या दुकानात उभ्या होत्या आणि मी टेप घेऊन त्यांच्या मागून पुढे येत होते. टेपचं टोक माझ्या हाताला लागेना. शेवटी त्यांनीच ते पकडलं, जुळवलं, आकडा वाचला आणि मला सांगितला. माप देताना माणसं पोट आत ओढतात, श्वास धरून ठेवतात, टेप जरा सैल असल्याचं सुचवतात. तुम्हीही शिंप्याकडे हे केलं असेल. या बाईंनी उलट श्वास सोडला आणि म्हणाल्या, "आता परत बघा. खरं माप श्वास सोडल्यावर येतं."

परत बघितलं. चोपन्नच होतं.

बुधवार पेठेत, विजेच्या सामानाच्या गर्दीत, एका बोळाच्या तोंडाशी आमचं लोकरीचं दुकान होतं. आमचं म्हणजे मालकांचं. मी काउंटर सांभाळायचे आणि कुणी सांगितलं तर स्वेटर विणूनही द्यायचे. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. पण त्या काळात डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे बरी वर्दळ असायची आणि त्या वर्दळीतच एक दिवस या बाई आत आल्या. सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेल्या. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या, बांधावरची भांडणं ऐकली होती आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन दगड जिथे रोवायचा तिथेच रोवला होता. राहायला विश्रांतवाडीला. खात्यात त्यांना मोजणीबाई म्हणत, हे त्यांनीच सांगितलं. मग आम्हीही तेच म्हणू लागलो.

त्यांना स्वेटर नको होता. त्यांना नमुना हवा होता. नमुना म्हणजे विणायच्या पुस्तकात लिहिलेलं असतं ते सगळं: किती टाके घालायचे, कुठे घटवायचे, बाहीसाठी मुंढा कुठे सुरू करायचा, गळा कुठे. मी आमच्याकडची सगळी पुस्तकं त्यांच्यापुढे मांडली. त्यांनी एकेक पुस्तक शेवटच्या पानापासून उघडलं. सगळी चाळीस इंच छातीवर थांबत होती.

"चाळीसनंतर माणसं संपतात का?" त्यांनी विचारलं.

"पुस्तकं संपतात," मालक गल्ल्यावरून म्हणाले. "आणि बाई, पुण्यात थंडी पडते पंधरा दिवस. तेवढ्यासाठी हा खटाटोप कशाला?"

"दुकान मात्र आपण वर्षभर उघडं ठेवता."

मालकांनी वर्तमानपत्र उभं धरलं. मला बाई आवडल्या.

मी म्हटलं, "नमुना कशाला शोधताय? मीच विणून देते."

"तू नाही विणायचंस," त्या म्हणाल्या. 'आपण'वरून 'तू'वर यायला त्यांना इतकाच वेळ लागला. "तू फक्त नमुना दे. बिनचूक. कुणीही हातात घेतला तरी चुकता कामा नये."

मी मनात हिशोब केला. छत्तीसचा नमुना आहे. चोपन्न म्हणजे छत्तीसची दीडपट. सगळं दीडपट करायचं, झालं! मी तसं लिहून दिलं आणि खात्री म्हणून स्वतःच त्याबरहुकूम एक स्वेटर विणायला घेतला. तीन आठवडे गेले. विणताना तो मांडीवर मावेना, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मोजणीबाईंनी तो दुकानात घातला. छातीला बरोबर बसला. बाकीचं काय सांगू? बाह्या गुडघ्यांपर्यंत आल्या. मुंढे कमरेशी उघडले. गळा एवढा झाला की त्यांनी एक खांदा हलवला आणि सगळा स्वेटर सरकत जमिनीवर गेला; त्या गळ्यातून सरळ बाहेर आल्या. पायाशी पडलेल्या त्या ढिगाकडे त्यांनी शांतपणे पाहिलं.

"यात माझ्याबरोबर आणखी कुणी यायचं होतं का?"

दुकानात चार बायका होत्या, त्या हसल्या. मोजणीबाई स्वतःही हसल्या. मला मात्र जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. अकरा वर्षं विणत होते मी, आणि माणूस जाड होतो तेव्हा त्याची मान दीडपट होत नाही, हात दीडपट लांब होत नाहीत, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. का आलं नव्हतं? कारण पुस्तकात नव्हतं. तो स्वेटर उसवायला मला तीन दिवस लागले.

त्यानंतर दर मंगळवारी त्या यायला लागल्या. घरून निघताना फोन करायच्या, "निघालेय, स्टूल भक्कम आहे ते ठेव." मग आम्ही दोघी मोबाईलवर परदेशातले नमुने शोधत बसायचो. तिकडे मोठ्या मापांचे नमुने मिळतात, अगदी साठ इंचांपर्यंतसुद्धा. एक सापडला तेव्हा आम्ही दोघींनी चहा मागवला. फोटोतली मुलगी मात्र काडीसारखी होती. मोजणीबाईंनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. मुलीच्या पाठीशी, काखेच्या मागे, कपडे वाळत घालायचा चिमटा दिसत होता.

"जाड माणसाचा स्वेटर," त्या म्हणाल्या, "बारीक मुलीला चिमटे लावून घातलाय. का? जाड माणूस फोटोत मावेना?"

त्या नमुन्याची लांबीही सहा फुटी बाईसाठी होती. मोजणीबाई पाच फूट एक इंच. तो नमुना गेला. असे आणखी चार गेले. एकात तर नुसतं लिहिलं होतं, 'मोठ्या मापासाठी आवडीप्रमाणे वाढवा'.

"आवडीप्रमाणे!" त्या म्हणाल्या. "अशी मोजणी मी केली असती तर अर्ध्या तालुक्यात खून पडले असते."

आणि मग एके मंगळवारी त्यांनी जाहीर केलं, "आपण स्वतःच माणसं मोजायची."

त्यांच्या सोसायटीच्या फळ्यावर पुढची सूचना लागली. मजकूर त्यांचाच:

'जाड व्यक्तींची मापे रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळेत गच्चीवर घेतली जातील. वजन विचारले जाणार नाही. सल्ला दिला जाणार नाही. बारीक व्यक्तींनी गर्दी करू नये.'

सोसायटीच्या अध्यक्षांना 'जाड' हा शब्द खटकला. त्यांनी तो खोडून 'सुदृढ' असा केला. त्यामुळे रविवारी दहा वाजता पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या जिममधले तिघे जण घट्ट बनियनमध्ये दंड फुगवून हजर झाले. त्यांना परत पाठवण्यात वीस मिनिटं गेली. मोजणीबाईंनी खाली जाऊन 'सुदृढ' खोडलं आणि 'जाड' पुन्हा लिहिलं, या खेपेला जाड अक्षरात.

साडेदहाला एक गृहस्थ वर आले. चांगले भरभक्कम, निवृत्त बँकवाले असावेत. गच्चीच्या दारातच उभे राहिले आणि घसा साफ करून म्हणाले, "मी माझ्यासाठी नाही आलो. माझे एक मित्र आहेत. त्यांना आज यायला जमलं नाही."

"बरं. माप काय त्यांचं?"

"साधारण माझ्याएवढेच आहेत."

"साधारण म्हणजे?"

गृहस्थ जरा थांबले. "म्हणजे अगदी माझ्याएवढेच."

मोजणीबाईंच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. त्यांनी टेप सोडली आणि म्हणाल्या, "मित्रांना हात वर करायला सांगा."

गृहस्थांनी हात वर केले.

मग रांग लागली. एक बाई जावेसाठी आल्या होत्या. एक फौजदार, गणवेशात, त्यांच्या साहेबांसाठी. दोघे भाऊ एकमेकांसाठी. कुणी मावसबहिणीसाठी, कुणी गावाकडच्या काकांसाठी. तीन रविवारांत तेवीस जण आले आणि स्वतःसाठी आलेला त्यात एकही नव्हता. मी बाजूला बसून आकडे लिहून घेत होते. नाव कुणी सांगेना, म्हणून मोजणीबाईंनी प्रत्येकाला गट क्रमांक दिला. गट क्रमांक सात, छाती एकोणपन्नास, खांदा साडेसतरा. शेऱ्याच्या रकान्यात त्या प्रत्येकापुढे एकच वाक्य लिहायला सांगायच्या: 'मूळ व्यक्ती गैरहजर.'

गट क्रमांक चौदा ही खराडीला आयटीत काम करणारी एक मुलगी होती. पंचवीस-सव्वीसची असेल. नणंदेसाठी आले म्हणाली, आणि तिच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, हातात काही नव्हतं, पण मी शेरा तोच लिहिला. माप देऊन झाल्यावर ती जाईना. टाकीच्या सावलीला घुटमळत राहिली.

"मॅम, एक विचारू? तिला... नणंदेला, मेन्स सेक्शनमधलंच घ्यावं लागतं सगळं. ग्रे नाहीतर नेव्ही ब्लू. हे जे तुम्ही करताय, त्यात गुलाबी चालेल का?"

मोजणीबाईंनी टेपची गुंडाळी करता करता तिच्याकडे पाहिलं. "मापाला रंग नसतो. नणंदेला सांग, गुलाबी घाल, आणि पुढच्या वेळी स्वतः ये."

मुलगी जिना उतरताना नाक पुसत गेली.

तेवीस माणसांच्या आकड्यांतून आम्हाला जे कळलं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. छाती अठरा इंचांनी वाढते तेव्हा खांदा जेमतेम दीड-दोन इंच हलतो. गळा अर्धा-पाऊण इंच. हाताची लांबी तीच राहते, फक्त दंडाला घेर लागतो. आणि मुख्य म्हणजे पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा तीन इंच लांब विणावी लागते, नाहीतर स्वेटर पोटावर वर चढतो आणि बाई दिवसभर तो खाली ओढत राहते. मोजणीबाईंनी हे सगळं नकाशाच्या कागदावर प्रमाणात काढलं. कोपऱ्यात सवयीने उत्तरेचा बाण काढला. गळा उत्तरेला होता.

"पाठीला एकशे पस्तीस टाके," मी वाचून पाहिलं. "बरोबर आहे. आता घेऊ विणायला?"

"तू नाही," त्या म्हणाल्या. "माझी आई विणणार."

बाई बासष्टच्या. त्यांची आई हयात असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. आई पंच्याऐंशीची, बिबवेवाडीला धाकट्या भावाकडे असते. तरुणपणी खडकीला एका कर्नलच्या बंगल्यावर कामाला होती, तिथल्या बाईंनी तिला विणकाम शिकवलं. चार भावंडं, सगळ्यांना आईने स्वेटर विणले. लहानपणी ते अंगात लोंबायचे, बाह्या दोन-दोनदा दुमडाव्या लागायच्या, मग मुलं हळूहळू त्यात मोठी व्हायची. "मी तेवढी मोठी होऊन त्याच्या बाहेर आले," मोजणीबाई म्हणाल्या. "बारा-तेरा वर्षांची होते. आईला म्हटलं, मला नवा विण. ती आत गेली, ट्रंक उघडली, पुस्तक पाहिलं आणि येऊन म्हणाली, तुझं माप पुस्तकात नाही. दरवर्षी विचारायचे. दरवर्षी आत जाऊन पुस्तक बघून यायची. नाही म्हणजे नाही. भावांना झाले, वहिन्यांना झाले, नातवंडांना झाले. मी शेतावर मोजणीला जायचे ती खात्यातल्या साहेबांच्या जुन्या कोटात."

"आणि आता?"

"आता नमुना आहे. आता ती नाही कशी म्हणेल?"

त्यांनी मला बरोबर नेलं. कारण म्हणून सांगितलं की लोकर तू उचल, माझे गुडघे दुखतात. खरं कारण मला रिक्षातच कळलं. सहकारनगरपासून त्या नकाशाची सुरळी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या होत्या.

दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. फडताळावर बुद्धाची मूर्ती, खाली ताजी फुलं. खिडकीशी कॉटवर आई बसल्या होत्या. मोजणीबाईंच्या एका हातात मावतील एवढ्याच. त्यांनी नकाशा घेतला, चष्मा लावला, बराच वेळ पाहिला. उत्तरेच्या बाणाचं टोक खाली होतं.

"हे पुस्तकात न्हाई," आई म्हणाल्या.

"नाहीच आहे. पुस्तकाच्या पुढचं आहे हे."

"मी पुस्तकाभायेर विणत न्हाई."

"मग आई, एकदा ते पुस्तक दाखव मला."

स्वयंपाकघरात वहिनींचा हात थांबला. त्या ट्रंकेला हात लावायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. आईंनी नकाशा खाली ठेवला. मग त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि, का कोण जाणे, माझ्या हातात दिली.

कॉटखालून ट्रंक ओढली. नऊवारीच्या घड्यांखाली धुवट फडक्यात गुंडाळलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. मी ते मोजणीबाईंकडे दिलं. त्यांनी उघडलं. पान उलटलं. आणखी एक उलटलं. मग पुस्तक माझ्याकडे वळवलं.

पानभर एक घोडा होता. बाजूला त्याच्या खुरांचं चित्र. पुढच्या पानावर घोड्याचे दात. ते लष्करातल्या घोड्यांची निगा कशी राखावी याचं पुस्तक होतं.

"आई," मोजणीबाई अगदी हळू म्हणाल्या, "यात घोडे आहेत गं."

"ठाव हाय मला," आई म्हणाल्या. "घोडा कळत न्हाई व्हय मला?"

आईंनी पदराचं टोक हातात घेतलं.

"कर्नलसायबाची बदली झाली तवा रद्दीत टाकलं हुतं. चांगलं जाड दिसलं म्हणून आणलं. मला वाचता कुठं येतं? कर्नलच्या बाईनं हात धरून शिकवलं. पाठीला चार विसा आन् दहा टाके घालायचे. तेवढंच डोक्यात बसलं. समद्यांना तोच एक स्वेटर. तू वाढलीस आन् माझे टाके वाढंनात. वाढवायचं कसं, ते मला कुणी शिकवलंच न्हाई. तू शाळेत पयली यायचीस. मास्तर घरी येऊन सांगायचे. त्या पोरीला सांगू काय, तुझ्या आईला येत न्हाई म्हणून? मग पुस्तकावर घातलं."

मोजणीबाई पुस्तकात बघत होत्या. "आणि मला पन्नास वर्षं वाटलं, मीच जास्त आहे."

"तू न्हाई गं जास्त. मीच कमी पडले."

"पंचेचाळीस टाके," मोजणीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला होता, पण एकशे पस्तीसातून नव्वद गेल्यावर उरणारा आकडा बिनचूक होता.

मग एकदम त्यांनी पुस्तक जवळ धरलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "आई! घोड्याच्या छातीचा घेर दिलाय इथं. बहात्तर इंच!" त्यांचे खांदे हलायला लागले. "म्हणजे माझं माप होतं की गं पुस्तकात! माझ्या पुढचंसुद्धा होतं!"

त्या हसता हसता कॉटवर बसल्या. कॉट करकरली, आई एका बाजूने वर उचलल्या गेल्या आणि त्याही हसायला लागल्या. वहिनी चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. मी तोवर लोकरीच्या लड्यांमागे तोंड लपवलं होतं.

त्या दुपारी मी आईंना टाके वाढवायला शिकवलं. पहिल्यांदा सुई हातात धरली तेव्हा त्या चार विसा आणि दहावर येऊन थांबल्या आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पुढे जिना नाही. मी म्हटलं, "घाला आजी." त्यांनी एक घातला. मग आणखी एक. सहा विसा पंधरा होईपर्यंत मोजणीबाई समोर बसून मोठ्याने मोजत होत्या, शेताच्या बांधावर मोजायच्या तशा.

रंग मोजणीबाईंनीच निवडला होता, जांभळा. दिवसाला चार ओळी व्हायच्या, कधी दोन. कधी उसवायच्या. थंडी संपली, होळी झाली, लोक उसाच्या रसाला लागले, आई विणतच होत्या. मी अधूनमधून बिबवेवाडीला जाऊन यायचे. मला विणकामात हात घालू देत नसत, पण गळा कुठे सुरू करायचा ते विचारत.

मे महिन्याच्या ऐन मध्यावर, दुपारी बाराच्या सुमारास, मोजणीबाई दुकानात शिरल्या. अंगात स्वेटर. मालकांनी पहिल्यांदाच वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"बाई, ताप आहे का अंगात?"

"नाही."

"मग काढा तो. बेचाळीस डिग्री आहे बाहेर."

"बसने आले मी. बिबवेवाडीपासून. सगळ्या बसने विचारलं." त्यांच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत येत होता. "नाही काढला."

मी त्यांच्याभोवती फिरून पाहिलं. खांदा खांद्यावर होता. गळा गळ्याशी होता. पुढची बाजू पोटावरून नीट खाली येऊन थांबली होती, कुठे ओढायची गरज नव्हती. बासष्ट वर्षांत पहिल्यांदा एखादी गोष्ट त्यांच्यासाठी मापात केली गेली होती आणि ते त्यांच्या उभं राहण्यात दिसत होतं. मग माझी नजर हातांवर गेली. उजवी बाही डावीपेक्षा चांगली दोन इंच लांब होती, बोटांच्या पेरांपर्यंत आली होती.

"ही जास्त झालीय," मी म्हटलं. "ठेवून जा, उद्या बरोबर करून देते."

त्यांनी हात चटकन मागे घेतला. "हात लावायचा नाही. आईला विचारलं मी. ती म्हणाली, तुझा उजवा हात लहानपणापासून लांबच आहे."

"आहे का खरंच?"

"असेल," मोजणीबाई म्हणाल्या. "मी कधी मोजला नाही."

पाणीसुद्धा न पिता त्या निघाल्या. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. पावसाळ्यातच मालकांनी दुकान बंद केलं आणि मी बिबवेवाडीलाही गेले नाही. काही कामच उरलं नव्हतं. पण त्या दिवशी मी दारापर्यंत गेले होते. बाहेर रस्ता पांढराफटक तापला होता. समोरच्या दुकानातल्या माणसाने त्यांना पाहिलं आणि घाबरून विकायला ठेवलेला मोठा कूलर चालू करून त्यांच्या दिशेने वळवला. त्या क्षणभर त्या वाऱ्यात उभ्या राहिल्या, लांब बाहीतून बोटं बाहेर काढून त्याला नमस्कार केला आणि मग जांभळ्या स्वेटरात, अजिबात घाई न करता, बस थांब्याकडे चालू लागल्या.